अर्थ लागेना

मोटारीच्या अंगावर जे जे म्हणून काही असते, ते बहुतेक सारे आत बसलेल्याच्या सोयीसाठी असते. गादी त्याच्या पाठीसाठी, काच त्याच्या डोळ्यांसाठी, ब्रेक त्याच्या जिवासाठी आणि भोंगा त्याच्या रागासाठी. या सगळ्या सरंजामात एक वस्तू मात्र अशी आहे की, तिचा आतल्या माणसाला काडीचा उपयोग नाही. ती म्हणजे वळण्याआधी डावीकडे किंवा उजवीकडे लुकलुकणारा तो चिमुकला दिवा. आपण कुठे वळणार हे आपल्याला ठाऊक असतेच. तो दिवा लागतो तो मागून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी, समोरून येणाऱ्या ट्रकसाठी, रस्त्याच्या कडेला पोराचा हात धरून उभ्या राहिलेल्या बाईसाठी. ब्रेकचा लाल दिवाही तसा दुसऱ्यांसाठीच. पण तो गोष्ट घडू लागल्यावर सांगतो. हा आधी सांगतो. ‘मी आता इकडे वळणार आहे बरं का,’ एवढे एकच वाक्य त्याला येते, पण ते तो वेळेवर बोलतो. माणसांपैकी कितीजणांना हे साधते?

दिवा येण्यापूर्वी हे काम हात करीत असे. उजवीकडे वळायचे तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा धरायचा. डावीकडे वळायचे तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. थांबायचे असेल तर कोपरापासून वर उभा करायचा. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण रस्त्याला लागू पडत नाही. तिथे हात न दाखवल्यानेच अवलक्षण होते. पुढे काही विलायती मोटारींना स्वतःचाच हात फुटला. मॉरिस मायनर नावाच्या बुटक्या गाडीच्या दारामागच्या खांबातून एक वीतभर दांडी टुणकन बाहेर येई आणि वळण संपले की पुन्हा आत जाऊन बसे. १९६१ सालापर्यंत त्या गाडीला हाच हात होता. तिकडे अमेरिकेत ब्यूइक गाड्यांना १९३९ सालापासूनच लुकलुकणारे दिवे कारखान्यातून बसवून मिळू लागले होते. शेवटी दिव्यांनी हातांना हरवले आणि आता तर हात दाखवणारा मोटारवाला शोधूनही सापडायचा नाही.

आमचे आप्पा त्यांतले शेवटचे. सांगलीत त्यांचा हळदीचा व्यापार. १९८४ साली त्यांनी एका डॉक्टरांकडून १९७२ची ॲम्बॅसडर विकत घेतली. तिचे दिवे ठणठणीत होते. तरीही आप्पा दिवाही लावीत आणि हातही बाहेर काढीत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “दिवा गाडी दाखवते, हात मी दाखवतो.” त्यांच्या त्या गोल फिरणाऱ्या हातात घरचा पांढरा रुमाल असे. गणपतीपेठेतले हमाल म्हणे रुमालावरूनच ओळखायचे, शेटजी कुठल्या बोळात शिरणार ते.

आप्पा गेले आणि रीतसर वाटण्या झाल्या. मी शाळामास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. हळदीतले मला काही कळत नाही. दुकान दादाकडे गेले ते योग्यच झाले. घर मधोमध विभागले. शेवटी मोटार आणि गाडीखाना उरला. मोटार दादाच्या वाट्याला आली आणि गाडीखाना माझ्या. गाडी ठेवायला दादाकडे जागा नाही आणि गाडीखान्यात ठेवायला माझ्याकडे गाडी नाही. तेव्हा दादाची मोटार माझ्याच गाडीखान्यात राहिली. कुलपाची किल्ली माझ्या खुंटीला. दादाला गाडी काढायची असली की पुतण्या दाराशी येऊन म्हणायचा, “काका, किल्ली.” संध्याकाळी गाडी बोळात शिरली की दादा भोंगा वाजवायचा आणि पुन्हा पुतण्या पळत यायचा. आमचे भांडण होते असे कोणी समजू नये. भांडण असते तर बरे झाले असते. भांडायला निदान बोलावे लागते. आम्ही चार वर्षे बोलत नव्हतो, एवढेच. सणाला ताटे इकडून तिकडे जात, वहिनी आणि आमची सौ. यांचे उत्तम चाले. पण आम्ही दोघे भाऊ एकमेकांसमोर आलो की घसा खाकरून पुढे जात असू.

अशात गेल्या वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत भरत आली. जुन्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्याआधी परिवहन खात्याचे निरीक्षक तिची तपासणी करतात. आमच्या ॲम्बॅसडरचे बाकी सगळे ठीक होते. पण स्टिअरिंगपाशी असलेली इंडिकेटरची काडी पन्नास वर्षे डावी-उजवी करून करून मुळातच मोडली होती. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसडर तयार होणे २०१४ साली बंद झाले. तेव्हापासून तिचे सुटे भाग म्हणजे जुन्या घरातल्या भांड्यांसारखे: असतात खूप, पण हवे ते नेमके सापडत नाही. दादाने पुण्याला नाना पेठेत माणूस धाडून एक नवा स्विच मिळवला. तो काही खास या गाडीसाठी बनवलेला नव्हता, पण जागेवर बसत होता. मिस्त्री आला, त्याने जुना स्विच काढला, नवा बसवला आणि रंगाला रंग पाहून तारा जोडल्या. उजवा दिवा झकास लुकलुकू लागला. डावीकडे मात्र शुकशुकाट.

मिस्त्रीने बल्ब बदलले, फ्यूज पाहिला, अर्धा दिवस बॉनेटमध्ये डोके घालून काढला. मग हात पुसत म्हणाला, “डावीकडचं सगळं वायरिंगच गेलंय. अर्थ लागत नाहीये. नवीन हार्नेस टाकावा लागेल.” आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून दादाचा चेहरा पडला. पैशाची गोष्ट नव्हती केवळ. तपासणीला सहा दिवस उरले होते. त्यात वहिनी म्हणत होत्या, “पुरे झालं आता, भंगारात देऊन टाका.” हे सारे मी माझ्या खिडकीतून ऐकत होतो. गाडीखाना माझा असल्यामुळे ऐकू येणे भाग होते.

मी शाळेत मराठी शिकवतो. पण आमची शाळा लहान, तेव्हा सहावी-सातवीचे विज्ञानही माझ्याच गळ्यात आहे. ‘अर्थ लागत नाहीये’ हे वाक्य माझ्या दोन्ही विषयांतले. मिस्त्रीलोक बॅटरीच्या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात. ती इंग्रजांची पृथ्वी. पण मराठीत येताना तिने काय नेमके रूप घेतले पाहा! वीज जाते ती तारेतून, दिव्यातून पार होते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. तो लागला नाही, तर तारा कितीही चांगल्या असोत, दिवा लागत नाही. शब्द सगळे आहेत आणि वाक्याचा अर्थ लागत नाही, असे पोरांच्या निबंधात होते ना, तसेच ते.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी किल्ली घेतली आणि गाडीखाना उघडला. प्रयोगपेटीतला एक बल्ब, दोन सेल आणि वीतभर तार बरोबर घेतली होती. आधी मोटारीच्या बॅटरीचे एक टोक सोडवले, मग नव्या स्विचच्या तारा मिस्त्रीने जिथे जोडल्या होत्या तिथून सुट्या केल्या.

विलायती पद्धतीच्या मोटारींत तारांच्या रंगांची एक ठरीव भाषा आहे. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते. पांढरी तार किल्ली फिरवल्यावर जागी होते. हिरवी तिचीच लेक, पण फ्यूजमधून आलेली. जांभळीही फ्यूजमधून येते, मात्र ती किल्लीची वाट पाहत नाही. निळ्या तारा मोठ्या दिव्यांच्या, तांबड्या रात्रीच्या बारीक दिव्यांच्या आणि काळी ती अर्थाची. हिरव्यावर तांबडी रेघ म्हणजे डावे वळण, हिरव्यावर पांढरी रेघ म्हणजे उजवे. आणि फिकट हिरव्यावर तपकिरी रेघ म्हणजे फ्लॅशरच्या डबीकडून स्विचकडे वीज आणणारी तार. आमची ॲम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, तेव्हा तिच्या तारांना हीच बोली येते. पण नवा स्विच परक्या मुलखातला. त्याच्या तारा चार: एक तांबडी, एक हिरवी, एक पिवळी, एक काळी. मिस्त्रीने हिरव्याशी हिरवा जुळवला, तांबड्या रेघेशी तांबडा जुळवला आणि उरलेल्या तारेला उरलेली तार दिली. पुष्कळ लग्ने अशीच जुळतात; पण तारांना तडजोड ठाऊक नसते.

रंग हे तारेचे नाव झाले. तिची ओळख तिच्या कामावरून पटते. अशा स्विचचे काम तर अगदी सोपे आहे. एका तारेने वीज आत येते. काडी डावीकडे ढकलली की ती एका तारेला मिळते, उजवीकडे ढकलली की दुसरीला. म्हणजे दोन्ही खेपांना जी सामील असते ती आत येणारी. मी सेल, बल्ब आणि तारांची टोके जुळवून एकेक जोडी तपासली. काडी डावीकडे: पिवळी आणि तांबडी जोडल्यावर बल्ब लागला. काडी उजवीकडे: पिवळी आणि हिरवी. म्हणजे वीज आत घेणारी होती पिवळी, आणि मिस्त्रीने तिला उजव्या दिव्यांची तार दिली होती! वीज येत होती ती हिरवीकडून. काडी उजवीकडे गेली की हिरवी-पिवळी जुळे आणि उजवे दिवे योगायोगाने लागत. डावीकडे गेली की उजव्या दिव्यांची तार आणि डाव्या दिव्यांची तार एकमेकींना मिळत. दोघीही उपाशी, कोण कोणाला काय देणार? चौथी, काळी तार कुठल्याच जोडीत येईना. ती या गाडीला नसलेल्या कसल्या तरी सोयीसाठी होती. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तिला बाजूला ठेवले. बाकीच्या तिन्ही कामाप्रमाणे जोडल्या, बॅटरी जोडली आणि मोटारीची किल्ली फिरवावी म्हणून हात पुढे केला, तर किल्ली कुठे होती? ती दादाकडे.

शिवाय या कामाला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून काडी हलवायची आणि दुसऱ्याने मागे उभे राहून दिवा लागला की नाही ते सांगायचे. आरशात पाहून ते नीट कळत नाही. मी पुतण्याला हाक मारली. पुतण्या पुण्याहून सुट्टीवर आलेला, तो खिडकीतून म्हणाला, “काका, सरळ एलईडी टाका ना!” त्याला मी समजावले की, जुन्या फ्लॅशरच्या डबीत एक बारीक तार असते. दिव्यांकडे जाणारा प्रवाह तिच्यातून गेला की ती तापून लांबते आणि संपर्क जुळतो. निवली की आखडते आणि संपर्क तुटतो. ती टिकटिक येते ती याची. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, म्हणून ती तापते. एलईडी इतके कमी खातात की तिला ऊबच लागत नाही, आणि मग ना टिकटिक ना लुकलुक. हे मी सांगेपर्यंत खिडकी बंद झाली होती. आणि जिन्यावरून किल्ल्यांचा आवाज करीत खाली आला तो दादा.

तो काही बोलला नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. मी आत बसलो, किल्ली फिरवली आणि काडी डावीकडे ढकलली. पुढचा दिवा समोरच्या भिंतीवर उजेड टाकू लागला. पण चाल ठीक नव्हती, लंगड्या घोड्यासारखी.

“लागला का?” मी विचारले. चार वर्षांतला माझा पहिला प्रश्न.

“नाही,” दादा म्हणाला. मग जरा थांबून, “अरे, दुसराच लागतोय.”

“दुसरा म्हणजे?”

“रात्रीचा तांबडा. तोच लुकलुकतोय. आणि उजवीकडचासुद्धा, अगदी बारीक.”

“मी डावा लावलाय, दादा.”

“मग मी काय आंधळा आहे? तू डावा लावलायस आणि उजवा मिणमिणतोय!”

उतरून पाहिले, तर खरेच तसे होते. वळणाच्या दिव्याचा बल्ब काळाठिक्कर आणि त्याच घरातला रात्रीचा दिवा, जो कोणी लावलेला नव्हता, तो तालात लुकलुकत होता. पलीकडच्या बाजूचा दिवा डोळे बारीक करून पाहिले तर कळावे इतपत तांबूस व्हायचा आणि विझायचा. मिस्त्री ज्याला वायरिंग गेले म्हणाला, ते हे नव्हते. ते आता नीट झाले होते. हे त्याच्या मागे दडलेले दुसरेच दुखणे होते. मात्र त्याचे निदान त्याच्याच तोंडून नकळत बाहेर पडले होते: अर्थ लागत नव्हता.

मागच्या एका घरात हे दिवे शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांची परतीची वाट एकच असते. घराच्या पत्र्यातून एका स्क्रूने गाडीच्या अंगात. तो स्क्रू पावसाळ्यांनी गंजला होता. वळणाच्या दिव्यातून आलेल्या विजेला परत जायला वाट मिळेना, तेव्हा ती बापडी शेजारच्या दिव्यात शिरली, त्याच्या तारेने उलटी निघाली, पलीकडच्या दिव्यांची दारे ठोठावत गेली आणि त्यांच्या वाटेने कशीबशी घरी पोचली. एवढ्या वळशात तिच्यात त्राण ते किती उरणार? म्हणून ज्याने लागायचे तो लागेना आणि ज्यांचा संबंध नाही त्यांचे डोळे उघडत होते. आमच्या घरातलेही याहून निराळे नव्हते. दादाला मला काही सांगायचे असले की तो ते पुतण्याला सांगे, पुतण्या सौ.ला, सौ. मला, आणि माझे उत्तर वहिनींच्या मार्गाने परत जाई. निरोप पोचत, पण कोणाच्या तोंडचे वाक्य कोणाच्या डोळ्यांत पाणी आणी, याचा नेम नसे.

खात्री करायला मी तारेचा एक तुकडा घेतला. एक टोक दिव्याच्या पत्र्यावर टेकवले आणि दुसरे दादाच्या हातात दिले. “डिक्कीच्या बिजागरीपाशी रंग उडालेलं लोखंड आहे ना, तिथे दाबून धर. घट्ट.” दादाने धरले, आणि तो दिवा असा काही पेटला की गाडीखान्याची मागची भिंत उजळून निघाली. तांबडे दिवे आपापले डोळे मिटून गप्प बसले. डबीतली टिकटिक एकदम सुरेल झाली.

“लागला!” दादा ओरडला. “विझला. लागला. विझला.” मग आपण काय बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले आणि तो हसू लागला. आप्पांसारखे हसतो तो, खांदे हलवून. हे मी विसरलो होतो.

पुढचे काम किरकोळ होते. गंजलेला स्क्रू पक्कडीने धरून, वर थोडे तेल सोडून, शिव्या न देता काढला. खालचा पत्रा काचकागदाने चकचकीत होईतो घासला, नवा स्क्रू घट्ट बसवला आणि पुन्हा गंजू नये म्हणून वर व्हॅसलीन फासले. खर्च झाला तो एका स्क्रूचा. दादाने हातातल्या घड्याळावर मोजले: मिनिटाला ८४. अशा दिव्याने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावे, अशी मोटारींच्या जगात मर्यादा आहे; ही चाल तिच्या बरोबर आत. एखादा बल्ब मेला किंवा अर्थ तुटला की ही चाल बिघडते. पुष्कळ गाड्यांत ती घाईघाईची होते. आत बसलेल्याला मागचे दिसत नाही, पण ऐकू येते ते यामुळे. जुन्या डबीचा हा मोठा गुण आहे.

काम संपले तरी आम्ही दोघे जरा वेळ तिथेच बसलो. तो पुढच्या मडगार्डला टेकून, मी उलट्या बादलीवर. वाटण्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आप्पांच्या रुमालाचे बोलणे निघाले. दादा म्हणाला, तो रुमाल त्याच्या कपाटात आहे. वहिनींनी वरून चहा पाठवला, दोन कप, एकाच ताटलीत.

सहाव्या दिवशी निरीक्षकांनी काडी एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे, मागे फिरून पाहिले आणि कागदावर खूण केली. आणखी पाच वर्षांची निश्चिंती झाली. हार्नेसचे पैसे वाचले आणि भंगाराची भाषा पुन्हा कोणी काढली नाही. पहिल्यांदा चुकीच्या तारा जोडणाऱ्या त्या मिस्त्रीला मी सगळे सांगितले तेव्हा तो दिलदारपणे म्हणाला, “गुरुजी, अर्थाकडं आम्ही शेवटी बघतो.” यावर मास्तराने काय बोलावे? पोरेही तेच करतात आणि मोठी माणसेही.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. रात्री नवाच्या सुमारास मी वरच्या खिडकीपाशी पेपर तपासत बसलो होतो. बोळाच्या तोंडाशी ॲम्बॅसडरचा ओळखीचा घर्घर आवाज आला. आमचा बोळ इतका अरुंद की, त्यात गाडीखान्याखेरीज वळायला दुसरी जागाच नाही. मागे सायकलसुद्धा नव्हती. तरी डावा दिवा लुकलुकत होता, शांतपणे, आपल्या चालीने. मी पेन खाली ठेवले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि दादाने भोंगा वाजवायच्या आत खाली जाऊन दार उघडले.